आपण, आम्ही आणि गणिताचा तास : फिलिपिन्समधल्या दोन अभ्यासक्षेत्रांची समीक्षा



विषय वाचून बऱ्याच जणांना प्रश्न पडला असेल, की फिलिपिन्समधल्या संशोधनाचं आपण इथे मराठीत बसून काय करायचं? उत्तर सुरुवातीलाच देतो. आपल्याकडे ‘सेमी इंग्लिश’ नावाचा प्रकार आहे. इतिहास-भूगोल मराठीत, गणित आणि विज्ञान इंग्रजीत. पालकांना ते सोयीचं वाटतं, शाळांनाही वाटतं. फिलिपिन्सनं जवळजवळ हीच वाटणी १९७४ साली अख्ख्या देशासाठी धोरण म्हणून केली. गणित-विज्ञान इंग्रजीत, सामाजिक विषय राष्ट्रभाषेत, म्हणजे ज्या भाषेला आज फिलिपिनो म्हणतात आणि जिचा पाया तागालोग आहे, तिच्यात. पन्नास वर्षांचा प्रयोग आपल्यासमोर उघडा पडलेला आहे. तो न बघणं परवडणारं नाही.

या वाटणीचा मुलांवर काय परिणाम झाला, याबद्दल तिकडे खूप लिहिलं गेलंय. मला आज बोलायचंय ते अभ्यासकांवर काय परिणाम झाला याबद्दल. माझं म्हणणं थोडक्यात असं, की फिलिपिन्समधले स्थानिक इतिहासाचे अभ्यासक आणि गणित-विज्ञान शिक्षणाचे अभ्यासक एकाच शाळेतल्या दोन वर्गांसारखे वागत आलेत. मधे भिंत. एका वर्गाकडे गाव आहे, माणसं आहेत, आठवणी आहेत, पण तपासणीची शिस्त कधी कधी ढिली पडते. दुसऱ्या वर्गाकडे मोजमाप आहे, आकडे आहेत, पण मूल कुठल्या गावातून आलं याची दखल कमी. आणि ज्या थोड्या जणांनी ती भिंत ओलांडली, त्यांचं काम सगळ्यात मोलाचं ठरलंय.

आधी इतिहासाच्या वर्गात जाऊ.

इसाबेलो दे लोस रेयेस हे नाव लक्षात ठेवा. उत्तर लुझोनमधल्या इलोकोस प्रांताचा हा पत्रकार. स्पॅनिश सत्तेच्या काळात यानं ‘एल फोकलोर फिलिपिनो’ हे पुस्तक लिहिलं. १८८७ साली माद्रिदच्या प्रदर्शनात त्याला रौप्यपदक मिळालं, १८८९मध्ये ते छापून आलं. गंमत अशी, की इसाबेलोच्या मनात लोकविद्या म्हणजे नुसत्या भुताखेतांच्या गोष्टी नव्हत्या. लोकांना झाडपाल्याचं जे कळतं, हवेचं जे कळतं, ते सगळ्या शास्त्रांना उपयोगी पडावं अशी त्याची कल्पना होती. म्हणजे आरंभी या दोन वर्गांत भिंतच नव्हती बघा.

आता पुढे १९५१मध्ये येऊ. दुसऱ्या महायुद्धात मनिला उद्ध्वस्त झाली होती, तिथली ग्रंथालयं आणि दफ्तरं जळाली होती. त्या वर्षी डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष किरिनो यांनी ४८६ क्रमांकाचा आदेश काढला, की देशातल्या प्रत्येक गावाची, वाडीची ऐतिहासिक माहिती गोळा करा. आणि हे काम सोपवलं कुणावर? सरकारी शाळांतल्या शिक्षकांवर. गावाचं नाव कसं पडलं, पूर्वीचे गावप्रमुख कोण, स्पॅनिश आणि अमेरिकी अमदानीत काय घडलं, जपानी सैन्य आलं तेव्हा काय झालं, हे सगळं विचारायचं. दुसऱ्या भागात चालीरीती, म्हणी, कोडी. आणि त्याच यादीत एक कलम होतं, ते म्हणजे वेळ मोजायच्या पद्धती आणि खास पंचांगं. हे सगळे कागद आज तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात ‘हिस्टॉरिकल डेटा पेपर्स’ या नावानं जपलेले आहेत.

मला जगातल्या स्थानिक इतिहासाच्या मोठ्या उपक्रमांपैकी हा एक वाटतो. पण समीक्षा करायची तर दोष सांगायला हवेत. नावाच्या उत्पत्तीची एकच गोष्ट गावोगाव भेटते. स्पॅनिश शिपाई आला, त्यानं विचारलं ‘या जागेचं नाव काय?’, गावकऱ्याला वाटलं समोरच्या झाडाबद्दल विचारतोय, त्यानं झाडाचं नाव सांगितलं आणि तेच गावाचं नाव झालं. एका गावात घडलं असेल हो, पण इतक्या गावांत? शिक्षकांनी ऐकलं ते लिहिलं. पडताळून पाहायला त्यांना वेळही नव्हता आणि तसं शिक्षणही मिळालेलं नव्हतं.

दुसरा दोष जास्त खोल आहे. कोंबडा आरवण्यावरून, सूर्य कुठे आला त्यावरून गावातले म्हातारे वेळ कशी सांगतात, हे या शिक्षकांनी टिपून घेतलं. पण तेव्हा शाळेचं माध्यम मुख्यतः इंग्रजीच होतं. सूर्यावरून वेळ ओळखणं म्हणजे कोनाचा धडाच की! पण ती माहिती सरकारी कागदावर गेली, वर्गातल्या फळ्यावर गेली नाही. म्हणून मी म्हणतो, १९७४च्या धोरणानं भिंत बांधली नाही. ती आधीपासून होती. धोरणानं तिच्यावर शिक्का मारला.

त्यानंतरच्या पिढीत इतिहासाचा वर्ग झपाट्यानं मोठा झाला. दोन नावं घेतो. पहिलं झ्यूस सालाझार. फिलिपिन्स विद्यापीठातल्या या इतिहासकारानं ‘पांतायोंग पानानाव’ हा विचार मांडला. हा शब्द इंग्रजीत समजावून सांगायला त्यांना परिच्छेद लागतो. मराठी माणसाला एक वाक्य पुरतं, कारण तागालोगमधे ‘तायो’ आणि ‘कामी’ असा फरक आहे आणि आपल्याकडे ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असा आहे. ‘आम्ही असे आहोत’ हे परक्याला सांगायचं वाक्य झालं. ‘आपण असे आहोत’ हे घरात बोलायचं. सालाझारांचं म्हणणं, की इतिहास ‘आपण’मध्ये लिहा, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या लोकांशी बोलत. स्पॅनिशांना, अमेरिकनांना उत्तरं देत बसू नका.

विचार सुंदर आहे. पण या ‘आपण’मध्ये कोण कोण येतं? त्या देशात दीडशेहून जास्त भाषा आहेत. सेबू बेटावरच्या माणसाला तागालोग ही घरची भाषा नव्हे. त्याला हा ‘आपण’ मनिलाचा ‘आम्ही’ वाटू शकतो.

म्हणून दुसरं नाव, रेसिल मोहारेस. सेबूतल्या सान कार्लोस विद्यापीठात १९७५ साली सेबुआनो अभ्यासकेंद्र सुरू झालं, त्याचे हे संस्थापक संचालक. १९८५च्या पुस्तकात त्यांनी कारकारजवळच्या वायादोलिद नावाच्या एका गावाचा १८४० ते १९४० असा शंभर वर्षांचा इतिहास लिहिला, आणि तोही गावच्या नाटकाच्या अंगानं. ‘लिनांबाय’ नावाचं तिथलं लोकनाट्य. आपल्या दशावताराची आठवण व्हावी असं. कोण राजा होतो, खर्च कोण करतो, जमीन कुणाकडे गेली आणि मग नाटक कसं बदललं, हे सगळं त्यात येतं. पुस्तक इंग्रजीत आहे, पण गाव त्यात जिवंत आहे. भाषेचा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही, हे सांगायला मला हे उदाहरण पुरेसं वाटतं.

आता या वर्गाची दुखरी बाजू. होसे मार्को नावाच्या माणसानं १९१४ साली मनिलाच्या सरकारी ग्रंथालयाला काही जुनी हस्तलिखितं दिली. त्यात १४३३ सालची म्हणून ‘कालांतियावची संहिता’ होती, म्हणजे स्पॅनिश येण्याआधीच्या एका राजाचे कायदे. देशाला हवाच होता असा पुरावा. पाठ्यपुस्तकांत गेला, मुलांनी पाठ केला. १९६८ साली विल्यम हेन्री स्कॉट यांनी आपल्या प्रबंधात दाखवून दिलं, की हे सगळं बनावट आहे. स्कॉट जन्मानं अमेरिकन, पण आयुष्य काढलं ते उत्तरेतल्या डोंगरात, सगादा गावी. आणि राष्ट्रीय इतिहास संस्थेनं अधिकृतपणे ही संहिता निराधार ठरवली कधी? २००४ साली. छत्तीस वर्षं लागली! ज्या विषयात भावना इतक्या गुंतलेल्या असतात, तिथे हिशेब तपासणारा माणूस घरचाच असावा लागतो. नाहीतर तो शत्रू वाटतो.

हिशेब तपासला की काय हाती लागतं, तेही बघा. १९८९मध्ये लगुना प्रांतात एक ताम्रपट उजेडात आला. दहा ओळींचा. पुढच्या वर्षी राष्ट्रीय संग्रहालयानं तो विकत घेतला, आणि १९९२ साली अंतून पोस्तमा या फिलिपिन्समध्ये स्थायिक झालेल्या डच अभ्यासकानं त्याचं वाचन प्रसिद्ध केलं. मजकूर एका कर्जमाफीचा आहे. नामवरान नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज माफ झाल्याचा दाखला. आजच्या मापात साधारण ९२६ ग्रॅम सोनं. लिपी कावी, भाषा जुनी मलय, मधे मधे संस्कृत. आणि तारीख कोणती? शक ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार!

तुम्ही आम्ही लग्नपत्रिकेत लिहितो तो शक. फिलिपिन्समधल्या शाळकरी मुलांपेक्षा कालनिर्णय भिंतीवर लावणाऱ्या घरातल्या मुलाला ही तारीख जवळची वाटेल. ८२२ अधिक ७८ म्हणजे इसवी सन ९००. वैशाख कृष्ण चतुर्थी आपल्या अमान्त पद्धतीनं काढली तर २१ एप्रिल येते. आणि मग खरी परीक्षा वाराची. जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेप्रमाणे २१ एप्रिल ९०० हा वार सोमवारच निघतो. तिथी चंद्रावरून, वर्ष सूर्यावरून, वार सातच्या चक्रावरून. तीन स्वतंत्र मोजण्या एका दिवशी येऊन मिळतात. बनावट करणाऱ्याला हे जुळवणं किती अवघड, विचार करा. हा नववीच्या गणिताचा धडा आहे आणि देशाच्या लेखी इतिहासाची पहिली तारीखही आहे. पण वाटणी अशी आहे, की ताम्रपट जातो सामाजिक अभ्यासाच्या तासाला आणि शेष काढायची गणितं राहतात दुसऱ्या तासाला, दुसऱ्या भाषेत.

चला तर, त्या दुसऱ्या वर्गात.

होसे रिसालची १८९१ची ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ ही कादंबरी. तिच्यात पदार्थविज्ञानाच्या वर्गावर अख्खं प्रकरण आहे. उपकरणं आहेत, पण काचेच्या कपाटात, पाहुण्यांना दाखवायला. विद्यार्थी पाठांतर करतात आणि अपमान सोसतात. म्हणजे विज्ञान शिक्षणावरची टीका त्या देशाच्या राष्ट्रीय साहित्यातच आहे.

आजचे आकडे कपाट उघडलंय असं सांगत नाहीत. २०१९च्या टिम्स परीक्षेत चौथीच्या मुलांचे गणितात २९७ आणि विज्ञानात २४९ गुण आले, भाग घेतलेल्या ५८ देशांत सगळ्यात कमी. पंधरा वर्षांच्या मुलांसाठीच्या पिसा परीक्षेत गणिताचे गुण २०१८ साली ३५३ आणि २०२२ साली ३५५. चार वर्षांत दोन गुण.

इथल्या संशोधकांनी काय केलं? चांगलं काम झालंय, ते आधी सांगतो. द ला साल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अॅलन बर्नार्डो यांनी शाब्दिक उदाहरणांवर बरीच वर्षं काम केलं. २००२ साली त्यांनी दाखवून दिलं, की मूल पहिल्या भाषेतलं उदाहरण जास्त चांगलं समजतं आणि सोडवतं. ज्यांची पहिली भाषा इंग्रजी, त्यांना इंग्रजीत बरं जातं. ज्यांची फिलिपिनो, त्यांना फिलिपिनोत. आणि हा फरक सोप्या उदाहरणांत जास्त ठळक दिसला. हे महत्त्वाचं आहे. अवघड उदाहरणात गणितच अडवतं. सोप्या उदाहरणात जो अडतो, तो भाषेमुळे अडतो. ‘राजूकडे ८ पेरू आहेत, ते मीनाकडच्या पेरूंपेक्षा ३ कमी आहेत, तर मीनाकडे किती?’ मराठीत विचारा, मूल क्षणभर थांबेल आणि ११ म्हणेल. परभाषेत विचारा, ते ‘कमी’ एवढाच शब्द पकडून वजाबाकी करेल. सेमी इंग्लिशच्या वर्गात शिकवणाऱ्या कुठल्याही बाईंना विचारा.

धोरणानं हे ऐकलं का? काही काळ ऐकलं. कलिंगा प्रांतात लुबुआगान इथे मातृभाषेतून शिकवायचा प्रयोग आधीच चालू होता, त्याचे निकाल चांगले होते. २०१२-१३पासून बालवर्ग ते तिसरी मातृभाषेतून शिक्षण देशभर आलं. पुस्तकं अपुरी, शिक्षकांची तयारी अपुरी, एकेका वर्गात तीन तीन मातृभाषा. २०२४च्या ऑक्टोबरात नवा कायदा आला आणि सक्ती संपली. माध्यम पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी.

आता माझी तक्रार. या संशोधनाचा मोठा भाग गुणांभोवती फिरतो. अमुक पद्धत वापरली, आधी चाचणी, नंतर चाचणी, फरक एवढा. मूल कुठलं, याचं उत्तर ‘सार्वजनिक शाळा, इयत्ता सहावी’ एवढ्यावर संपतं. आणि त्या मुलाच्या तोंडात मोजणीचा केवढा इतिहास आहे, पाहा. थोड्या वस्तू मोजायच्या तर तागालोग अंक. घड्याळातली वेळ सांगायची तर स्पॅनिश, दोन वाजले म्हणजे ‘आलास दोस’. बाजारात वीस पेसो सांगताना ‘बेन्ते’, तेही स्पॅनिश. आणि वर्गात पाढा इंग्रजीत. तीन राजवटी एका पोराच्या जिभेवर! इतिहासकाराला ही खाण वाटेल. गणिताच्या शिक्षकाला ती गोंधळाची जागा वाटते. दोघांनी एकत्र बसून तिच्याकडे पाहिलं तर पहिली-दुसरीचं अख्खं पुस्तक वेगळं लिहिता येईल.

एकत्र बसण्याचा प्रयत्न कुणीच केला नाही असं नाही. उत्तरेतल्या डोंगरात, बागियोच्या फिलिपिन्स विद्यापीठात, तिथल्या गणित विभागानं १९९०च्या दशकात कांकानाएय समाजाचं विणकाम, गोंगवादन आणि नातेव्यवस्था यांतलं बीजगणित तपासलं. पुढे मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठातल्या मारिया लुईझ दे लास पेन्यास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या समाजांच्या कापडांवरच्या नक्षीची सममिती वर्गवार मांडली. काम काटेकोर आहे, सुंदर आहे.

पण इथे एक धोका आहे. कापडात सममितीचे गट सापडले, ही गणितज्ञाची भाषा झाली. विणणारी बाई माग लावताना काय मोजते, चुकलं हे तिला कशावरून कळतं, ती मुलीला कसं शिकवते, हे वेगळे प्रश्न. पहिल्यावरच थांबलं तर कापड पाठ्यपुस्तकात नुसतं चित्र म्हणून चिकटतं. वर ‘आपली संस्कृती’, खाली तेच जुनं स्वाध्याय.

हा धोका ओळखणारा माणूस त्याच बागियोमधला, विल्फ्रेडो अलांगी. २०१०च्या त्यांच्या ऑकलंड विद्यापीठातल्या प्रबंधात बेसाओजवळच्या आगावा गावातल्या भातखाचरांचा अभ्यास आहे. दगडी बांध कसे रचतात, पाणी कसं फिरवतात आणि वाटतात. अलांगींनी पद्धतच अशी धरली, की दोन्ही बाजूंनी प्रश्न विचारायचे. गणितज्ञानं बांध रचणाऱ्याला विचारायचं, आणि बांध रचणाऱ्याच्या उत्तरांनी गणितज्ञाच्या गृहीतकांनाही विचारायचं. ‘तुमच्यात आमचं गणित आहे हो’ ही शाबासकी तिथे नाही. सालाझारांच्या ‘आपण’ची खरी कसोटी मला इथे लागलेली दिसते. ‘आपण’ म्हणायचं तर दोघांचंही काहीतरी बदलायला हवं. अर्थात या प्रबंधापासून पाचवीच्या वर्गापर्यंतचा रस्ता अजून व्हायचा आहे.

कुणी म्हणेल, हे सगळं विद्वानांचं झालं, बिघडलं कुठे? बिघडलं ते सांगतो.

८ नोव्हेंबर २०१३. योलांदा नावाचं महावादळ लेयते आणि सामार बेटांवर आलं. ताक्लोबान शहरात समुद्र घुसला. अधिकृत आकड्याप्रमाणे एकूण ६,३०० माणसं गेली. हवामान खात्यानं इशारा दिला होता. सात मीटरपर्यंत पाणी चढेल असंही सांगितलं होतं. पण शब्द वापरला होता ‘स्टॉर्म सर्ज’. वादळाचा वारा समुद्राला ढकलत किनाऱ्यावर आणतो आणि पाणी चढत जातं, असा त्याचा अर्थ. वाचलेल्या कितीतरी लोकांनी नंतर सांगितलं, की शब्द ऐकला, पण काय होणार ते डोळ्यांसमोर आलं नाही. त्सुनामी म्हटलं असतं तर पळालो असतो. विज्ञान परभाषेत होतं, आणि परभाषेतच राहिलं.

आता याची दुसरी बाजू. हे तिथे पहिल्यांदा घडत नव्हतं. १८९७च्या १२-१३ ऑक्टोबरला याच दोन बेटांवर असंच वादळ आलं होतं, असाच समुद्र घुसला होता. मनिला वेधशाळेतले जेझुइट शास्त्रज्ञ होसे आल्गे यांनी त्यावर पुस्तक लिहिलं, ते १८९८ साली छापलंही गेलं. स्पॅनिशमध्ये. जानेली लिया सोरिया या संशोधिकेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली १८९७ आणि २०१३ या दोन्ही उधाणांची तुलना करून दाखवली. उत्तम काम. तीन वर्षं उशिरा, असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. पण ११८ वर्षं तो कागद कपाटात होता, हे खरं आहे. १८९७ इतिहासाच्या वर्गाकडे होतं, उधाण विज्ञानाच्या वर्गाकडे होतं, आणि ताक्लोबानच्या एका मुलाला दोन्ही एका तासाला, त्याच्या वाराय भाषेत सांगेल असा शिक्षक घडवणं हे कुणाचंच काम नव्हतं.

म्हणून माझा निष्कर्ष. मोहारेस, स्कॉट, बर्नार्डो, अलांगी, सोरिया यांच्या तोडीचं काम करणारी माणसं त्या देशात आहेत. विद्वत्ता कमी नाहीये. ती दोन भाषांच्या तासांत वाटली गेलीय, आणि शिक्षक प्रशिक्षणात, पाठ्यपुस्तकात ती एकत्र येत नाही. १९५१ साली एका आदेशावर देशभरच्या शिक्षकांनी गाव लिहून काढलं होतं. तेच कागद घेऊन आज एखाद्या वाडीच्या शाळेत वेळ मोजायची पद्धत गणिताच्या तासाला शिकवता येईल, जुन्या वादळाच्या आठवणी विज्ञानाच्या तासाला. त्याला नवीन आयोग लागत नाही.

आपल्यासाठी यातून एकच गोष्ट सांगतो. सेमी इंग्लिश बंद करा असं मी म्हणत नाहीये, ती वेगळी चर्चा आहे. पण ते निवडताना आपण फक्त मुलाच्या माध्यमाचा विचार करतो. कोणतं ज्ञान कुणाशी बोलेल, हेही त्याच वेळी ठरत असतं. गणिताच्या बाई आणि इतिहासाचे सर शिक्षकखोलीत एकमेकांच्या विषयावर शेवटचं कधी बोलले, हे आपापल्या शाळेत जाऊन जरा विचारा.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ या.